सवडीत मावणारा विषय

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्याचा प्रबंध लांबतो, ही तक्रार सर्वपरिचित आहे. तिच्याविषयी आम्हांला फारसे म्हणायचे नाही. अधिक गंभीर गोष्ट अशी, की प्रबंधाचा विषयही पुष्कळदा नोकरीच ठरवते.

आम्ही पातूरला तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. सकाळच्या तासिका संपल्या की अकोल्याची एस.टी. आणि संध्याकाळी तिथे खाजगी शिकवणी. तासिकांचे मानधन रखडते तेव्हा घर या शिकवणीवरच चालते.

काम करायचे होते भुलाबाईच्या गाण्यांवर. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली सांजवेळी घरोघर ही गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. एकाच गाण्याची चार घरी चार रूपे भेटावीत, असा हा ऐवज. पण तो वर्षातून एकच महिना आणि तोही संध्याकाळीच हाती लागतो. संध्याकाळ तर आम्ही आधीच विकलेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. सहा वर्षे म्हणजे सहा भुलाबाया. पूर्णवेळ अधिछात्रवृत्ती असणाऱ्याला त्या पुरतीलही; आमच्या वाट्याला त्यांतली एक तरी सबंध आली असती का, शंकाच आहे.

तेव्हा उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधील वऱ्हाडी बोली हा विषय घेतला. कादंबरी पिशवीत मावते, खूण घालून मिटता येते, रात्री अकराला पुन्हा उघडली तरी रुसत नाही. विषय दुय्यम आहे असे कोणी समजू नये. कौतिकच्या एकेका वाक्यावर पानेच्या पाने लिहिता येतात. गंमत इतकीच, की बसमध्ये आम्ही कौतिकचे बोलणे अधोरेखित करीत असतो आणि शेजारच्या आसनावर तीच बोली कापसाच्या भावावरून तावातावाने चाललेली असते. प्रबंधात तिची नोंद होत नाही.

याच विनियमांप्रमाणे अर्धवेळ संशोधकाने नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र आणायचे असते. कामाचे स्वरूप पाहता त्याला संशोधनास पुरेसा वेळ देता येईल, असे त्यात स्पष्ट लिहिलेले हवे. तासिकेवरच्या शिक्षकाला हे कोणी, कोणत्या अधिकाराने लिहून द्यावे? ज्याची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती, त्याच्या सहा वर्षांच्या सवडीची हमी! असो.

मध्यंतरी वर्गातल्या एका मुलीने आजीच्या तोंडची भुलाबाईची अकरा गाणी वहीत उतरवून आणून दिली. आमच्या प्रबंधाच्या कुठल्याच प्रकरणात ती बसत नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर आजीचे नाव, वय, माहेरचे गाव आणि तारीख मात्र तिच्याकडून लिहवून घेतली आहे.