कात टाकताना

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात उटण्याचा वास सुटला, की मला अजून आजीचा हात आठवतो. हात मोठा जड! वाळा, नागरमोथा, आंबेहळद आणि मसुरीचे पीठ यांचा लेप ती असा काही चोळी, की आम्ही नातवंडे लालबुंद होऊनच न्हाणीघरातून बाहेर पडत असू. या सोलण्यालाच 'पील' म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात, हे मला गेल्या दिवाळीत कळले. आणि तेही फार महागात पडून.

लेकीचे लग्न ठरले होते. स्थळ चांगले, मुलगा गुणी. एवढेच, की "आमच्याकडे सगळी गोरीच हो," असे विहीणबाई दोनदा बोलून गेल्या. मी घरी येऊन लेकीला म्हटले, "अगं, जरा उजळलीस तर काय बिघडेल?"

वाक्य साधेच, पण लागायचे तिथे ते लागले. दिवाळीच्या सवलतीची पाटी पाहून ती एका ब्यूटी पार्लरमध्ये गेली. तोंडाला काय लावले, हे तिने विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. रात्री गाल जळजळला, मग खपली धरली, ती तिने नखाने काढली. भाऊबीजेला भावाला ओवाळताना तिच्या उजव्या गालावर रुपयाएवढा काळा डाग होता.

त्वचारोगतज्ज्ञ बाई वयाने लहान, पण बोलायला मोठ्या गोड. "काकू, ही सगळी आम्लेच," त्या म्हणाल्या. "उसात सापडते ते ग्लायकोलिक, आंबलेल्या दुधातले लॅक्टिक, कडू बदामापासून प्रथम मिळाले ते मँडेलिक." म्हणजे निम्मे माझ्या स्वयंपाकघरातलेच की! पण दह्याने तोंड धुणे वेगळे आणि हे वेगळे. ही आम्ले त्वचेच्या वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी सुट्या करतात. खालून नवी त्वचा वर येते. मधल्या थरापर्यंत जायचे तर ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल. सर्वांत खोल जाते ते फिनॉल, आणि ते लावताना हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते.

"आपल्या सावळ्या कातडीतल्या रंग करणाऱ्या पेशी चटकन चिडतात. जळले, की काळे पडलेच. म्हणून खोल पील आपल्याला नको. वरवरचे, सौम्य आणि पुन्हा पुन्हा, हेच बरे." तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला सॅलिसिलिक चांगले, कारण ते तेलात मिसळून छिद्रांत उतरते. मँडेलिकचा रेणू मोठा, तो सावकाश शिरतो. म्हणून सावळ्या, नाजूक त्वचेला तो मानवतो. नुसत्या टक्केवारीवरही भुलू नये. तेवढ्याच टक्क्यांचे द्रावण अधिक आंबट असले, तर अधिक जाळते. दिवस गेले असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर वारंवार फोड उठत असतील, तर ते आधीच सांगायचे. आणि समारंभाच्या तोंडावर पहिले पील कधीही करायचे नाही.

मी मान डोलावीत होते. इतक्यात त्यांनी विचारले, "डाग घालवायचा आहे, की रंग? डागाचे औषध माझ्याकडे आहे. रंगाचे पिलात नाही."

मी जमिनीकडे पाहू लागले. उत्तर लेकीने दिले. "डागच. रंग आईचा आहे, तो राहू दे."

पहिले दोन महिने पील नव्हतेच. नुसते मलम आणि उन्हापासून बचाव करणारे क्रीम, ढगाळ दिवशीसुद्धा. मग कानामागे थोडे लावून पाहिले आणि तीन तीन आठवड्यांनी मँडेलिकची चार पिले झाली. वैशाखात ती बोहल्यावर चढली, तेव्हा डाग शोधावा लागत होता. रंग मात्र होता तसाच होता, आणि शालूला शोभत होता.

यंदा दिवाळसणाला लेक आणि जावई आले. पहाटे मी उटणे कालवले. तिच्या पाठीला, हातांना, पायांना लावले. चेहऱ्यापाशी हात थांबला.

"लाव ना, आई."

"नको गं. डॉक्टरीणबाईंनी चोळू नका म्हटलंय."

मी ओला हात पदराला पुसला आणि तिच्या गालावर नुसता ठेवला. कात टाकायची होती ती माझ्या मनाने. सोलला मात्र मी लेकीचा गाल.