फेडअवे शॉट आणि माझी एक चूक



मी गणित शिकवते. खेळाच्या मैदानाशी माझा संबंध एवढाच, की मुलींचा संघ बाहेर खेळायला निघाला की सोबत एक शिक्षिका लागते आणि बहुतेक वेळा ते काम माझ्याकडे येतं. मुली मोजायच्या, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, सगळ्यांनी डबे खाल्ले का ते बघायचं. अशाच एका तालुकास्तरीय बास्केटबॉल सामन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती तुम्हाला सांगावी म्हणून हा लेख.

आमच्या संघात नववीतली एक मुलगी होती. उंचीनं सगळ्यांत लहान, पण चेंडू हातात आला की कुणाला सापडायची नाही. त्या दिवशी तिला अडवायला उभी होती तिच्यापेक्षा चांगली हातभर उंच मुलगी. हिनं शॉट मारायला उडी घेतली की तिचा हात वर! तीन वेळा चेंडू अडवला गेला. चौथ्या वेळी हिनं रिंगकडे बघत चक्क मागच्या बाजूला उडी मारली आणि हवेतूनच चेंडू फेकला. तो रिंगच्या कडेला लागून बाहेर गेला. मी बाकावरून ओरडले, "अगं, मागे काय पळतेस? घाबरलीस का? पुढे जा ना!"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर सामना संपेपर्यंत तिनं एकही शॉट घेतला नाही. चेंडू आला की दुसरीकडे देऊन मोकळी. आम्ही हरलो, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ती सरावाला आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

एक दिवस आमचे पीटीचे सर स्टाफरूममध्ये हळूच म्हणाले, "मॅडम, ती पळत नव्हती. त्या शॉटला फेडअवे म्हणतात. महिनाभर रोज शाळा सुटल्यावर थांबून शिकत होती ती."

मला काय बोलावं कळेना. मग सरांकडूनच तो शॉट समजून घेतला.

साध्या जंप शॉटमध्ये खेळाडू सरळ वर उडी मारतो आणि उडीच्या टोकाला चेंडू सोडतो. फेडअवेमध्ये तो रिंगपासून दूर, मागे झुकत उडी मारतो. त्यामुळे तो आणि अडवणारा यांच्यात थोडी जागा तयार होते आणि अडवणाऱ्याचा हात चेंडूपर्यंत पोचत नाही. रिंग जमिनीपासून १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंच असते. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नायस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकानं पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तेव्हापासून ती उंची तेवढीच आहे. रिंग काही आपल्यासाठी खाली येत नाही, समोरचीची उंचीही कमी होत नाही. जागा आपली आपणच करून घ्यावी लागते.

पण ही जागा फुकट मिळत नाही बरं का. शरीर मागे जात असताना चेंडू पुढे पाठवायचा, म्हणजे पाय आणि मनगट यांचा जोर जास्त लागतो. शॉट चुकला तर उसळलेला चेंडू पकडायला आपण रिंगपासून लांब असतो. तोल गेला तर नेमही गेला. म्हणूनच फेडअवे हा अवघड शॉट मानतात.

यात गणितही आहे! रिंगचा व्यास साधारण ४५ सेंटीमीटर आणि मुलींच्या चेंडूचा साधारण २३. चेंडू सरळ वरून खाली आला तर त्याला पूर्ण ४५ सेंटीमीटरचं तोंड मिळतं. ४५ अंशांच्या कोनात आला तर सुमारे ३२. आणि ३० अंशांच्या चपट्या कोनात आला तर जेमतेम साडेबावीस, म्हणजे चेंडू स्वच्छ आत जायला जागाच नाही. अडवणाऱ्या हातांवरून चेंडू न्यायचा तर कमान उंच करावी लागते आणि उंच कमानीमुळे रिंगचं तोंडही मोठं होतं. आमच्या त्या छोट्या मुलीनं सूत्र न मांडता हे गणित करून पाहिलं होतं, आणि गणिताच्या बाईच तिच्यावर ओरडल्या होत्या.

मायकल जॉर्डन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मधला काही काळ खेळ सोडून तो १९९५ मध्ये परत आला, तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. पूर्वीसारख्या उंच उड्यांवर सगळा भार टाकणं शक्य नव्हतं. त्यानं वळून मारायच्या फेडअवेवर भर दिला आणि १९९६, ९७, ९८ अशी सलग तीन विजेतेपदं संघाला मिळवून दिली. दुसरा जर्मनीचा डर्क नोविट्स्की, उंची सात फूट. एका पायावर मागे झुकून मारलेला फेडअवे ही त्याची खूणच. त्याला लहान वयापासून घडवणारे होल्गर गेश्विंडनर स्वतः १९७२ चं ऑलिंपिक खेळलेले आणि गणित-भौतिकशास्त्र शिकलेले. डॅलसच्या संघाला २०११ मध्ये विजेतेपद मिळालं, आणि तिथल्या स्टेडियमबाहेर आज नोविट्स्कीचा पुतळा आहे तो त्याच, मागे झुकलेल्या अवस्थेतला.

पालकांनो, एक सावधगिरीही सांगते. मोबाइलवर व्हिडिओ बघून मुलं थेट फेडअवेच मारायला जातात आणि पाठीवर पडतात. आमचे सर आधी रिंगजवळून साधा शॉट पक्का करून घेतात, मग जंप शॉट, मग अर्ध्या पावलाचा फेडअवे. क्रम चुकवायचा नाही.

मी त्या मुलीला भेटले. ओरडले सगळ्यांसमोर होते, म्हणून माफीही सरावाच्या वेळी सगळ्यांसमोरच मागितली. म्हटलं, "मला तो शॉट माहीत नव्हता गं. चूक माझी." ती काहीच बोलली नाही, नुसती मान हलवली. दोन दिवसांनी मात्र बूट घालून मैदानावर हजर!

तेव्हापासून वर्गातही माझं मला काहीतरी दिसू लागलं. दहावीतला एखादा मुलगा वर्गसमीकरणं चालू असताना म्हणतो, "मॅडम, अपूर्णांकांची बेरीज परत एकदा सांगा ना." पूर्वी मी म्हणायचे, "आता मागचं काय उकरतोस? पोर्शन संपवायचाय, पुढे चल." आता आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते. पळणारा आपल्याला पाठ दाखवतो. फेडअवे मारणाऱ्याची नजर मात्र शेवटपर्यंत रिंगवरच असते. मुलाला गणित सोडवायचंय, म्हणूनच तो एक पाऊल मागे येतोय, हे ओळखायला मला इतकी वर्षं लागली.

तुमच्याही वर्गात, घरात असं एखादं मूल असेल. "मागे का गेलास?" असं ओरडण्याआधी त्याची नजर कुठे आहे तेवढी बघा.

आणि हो, पुढच्या वर्षीच्या सामन्यात तिनं दोनदा फेडअवे मारला. एक चुकला, एक आत गेला. दोन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या.