मांजराच्या फुफ्फुसातील कृमीचे आयुष्य

हार्टवर्म या नावाने ओळखला जाणारा ‘डायरोफिलेरिया इमिटिस’ हा शेवईसारखा बारीक, पांढरट कृमी मुळात कुत्र्यांचा आणि त्यांच्या रानटी भाईबंदांचा परजीवी आहे. मांजराच्या देहात तो सहसा फार काळ तग धरू शकत नाही, आणि मांजराचे खरे दुखणे त्याच्या या अपयशातूनच सुरू होते. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातालगतच्या राज्यांत आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात, जिथे दमट उष्म्यामुळे डासांचा हंगाम लांबतो, तिथे हा रोग विशेष आढळतो.

या कृमीचा वाहक डास. माणसाला हत्तीरोग देणारे कृमी याच्याच कुळातले असून, त्यांची वाढ डासाच्या शरीरात होते हे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे 1877 च्या सुमारास दाखवून दिले होते. हार्टवर्मची वाटही तशीच आहे: बाधित कुत्र्याच्या रक्तातील सूक्ष्म पिल्ले डास शोषून घेतो, उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत त्यांच्या संसर्गक्षम अळ्या होतात आणि डास मांजराला चावला की त्या डंखाच्या छिद्रातून आत शिरतात. त्वचेखालून आणि स्नायूंमधून प्रवास करत त्या तीन-चार महिन्यांनी फुफ्फुसधमन्यांत, म्हणजे हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांत, पोहोचतात.

बहुतेक अळ्यांचा प्रवास तिथेच संपतो. मांजराच्या फुफ्फुसातील केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून भक्षकपेशी असतात, ज्या रक्तातून येणारे परके पदार्थ गिळून टाकतात. कुत्र्याच्या फुफ्फुसात त्या या रूपात आढळत नाहीत. अर्धवट वाढलेले कृमी मरू लागले की मांजराच्या शरीरात तीव्र दाह उसळतो, धमन्यांच्या भिंतींतील स्नायूंचा थर जाडावतो, सूक्ष्म श्वासनलिका सुजतात आणि वायुकोशांचे अस्तरही बदलते. या अवस्थेला पशुवैद्यक ‘हार्टवर्मजन्य श्वसनविकार’ म्हणतात. मांजर खोकते, धापा टाकते, कधी खाण्याशी संबंध नसताना ओकते; लक्षणे दम्यासारखीच असल्यामुळे उपचार दम्याचे होतात आणि मूळ कारण अंधारातच राहते. एकही कृमी प्रौढ झाला नाही तरी फुफ्फुसांना इजा होऊ शकते, ही या रोगातील सर्वांत क्लेशकारक बाब म्हटली पाहिजे.

जे थोडे कृमी प्रौढ होतात, बहुधा एक ते तीन, ते दोन ते चार वर्षे जगतात, आणि जिवंत असेपर्यंत मांजराची प्रतिकारयंत्रणा काहीशी दबलेली राहत असल्याने वरवर सारे शांत दिसते. मात्र असा एखादा कृमी मेला की त्याचे तुकडे रक्तप्रवाहाबरोबर फुफ्फुसांत अडकतात, दबलेला दाह एकदम भडकतो आणि काल खेळणारे मांजर काही तासांत दगावू शकते.

निदानही सरळ नाही. कुत्र्यांत भरवशाची ठरलेली प्रतिजन चाचणी प्रामुख्याने प्रौढ मादीने रक्तात सोडलेले द्रव्य शोधते. मांजरात एखादाच नर असला किंवा सारे कृमी कोवळेपणीच मेले, तर तिला काहीच सापडत नाही. प्रतिपिंड चाचणी अळीशी संपर्क आल्याचे सांगते, पण आज रोग आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून छातीचा एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी आणि दोन्ही रक्तचाचण्या एकत्र वाचाव्या लागतात; एका नकारार्थी अहवालावर मांजराला निरोगी ठरवणे धोक्याचे आहे.

कुत्र्यांतील प्रौढ कृमी मारणारे मेलार्सोमिन मांजरांना देऊ नये असेच मार्गदर्शन आहे, कारण ते त्यांना विषारी ठरू शकते आणि कृमी मरणे हेच तर मांजराचे संकट आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉईड दाह शमवतात, गरजेनुसार प्राणवायू दिला जातो. बाकी कृमी आपोआप संपेपर्यंत मांजराला सांभाळणे एवढेच हाती उरते.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 मध्ये ज्या शोधासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्यातून आलेले आयव्हरमेक्टिन आणि त्याच्या नात्यातील सेलामेक्टिनसारखी औषधे अळ्यांना फुफ्फुसात पोहोचण्याआधीच मारतात; काही गोळीच्या रूपात मिळतात, तर काहींचे थेंब महिन्यातून एकदा मानेवरच्या कातडीवर टाकायचे असतात. डास दाराआडही येतो, त्यामुळे घराबाहेर न पडणारी मांजरेही या रोगापासून सुटत नाहीत. जिथे हा रोग आहे तिथे राहणाऱ्या प्रत्येक मांजरपालकाने पशुवैद्याला विचारून योग्य मात्रेतील हे औषध महिन्याच्या महिन्याला, न चुकता द्यावे.