मज्जारज्जूस पत्र, मु. पो. पाठीचा कणा

तीर्थरूप मज्जारज्जू यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. खामगावकडे कापसाची वेचणी सुरू आहे. काल वावरात वाळल्या बोंडाचं टोक बोटात घुसलं आणि ‘आई गं’ म्हणायच्या आत हात मागे आला होता. मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता आपणच निकाल दिलात, वर खबर मागाहून धाडलीत. आभारी आहे. (आता ‘आपण’ पुरे. जन्मापासून एकाच अंगात राहतो, ‘तू’ म्हणते.)

तुझ्या टपालाची तऱ्हाच न्यारी. सांधा किती वाकला ही खबर जाड तंतूंतून सेकंदाला शंभरेक मीटर पळते. समृद्धी महामार्गावर मेहकर ओलांडणाऱ्या मोटारीच्या तिप्पट. टोचल्याची पहिली कळ त्याहून हळू, आणि तिच्यामागची आग तर अगदी बारीक तंतूंतून सेकंदाला मीटरभर, दिंडीच्या चालीनं येते. म्हणून आधी कळ, मग चुरचुर.

आता तक्रार. गेल्या साली डावी पोटरी धरली. मुंग्या, बधिरपणा. दोन महिने मी पोटरीला तेल चोळलं आणि दुखणं निघालं कमरेत! मणक्यांमधली गादी सरकून नस दबलेली. तू स्वतः जेमतेम 43 सेंटिमीटर, कमरेच्या वरच संपतोस. खाली नुसता मुळांचा झुबका, घोड्याच्या शेपटासारखा. त्यातल्या एका मुळीवर दाब आला. पण शेगावहून येणाऱ्या टपालाच्या थैलीत वाटेत कुणी चिठ्ठी टाकली, तरी मेंदू ती शेगावचीच समजतो. अरे बाप्पा, पाकिटावर खरं गाव लिहायला काय जात होतं?

चोळणं अगदीच वाया गेलं नाही म्हणा. तुझ्यात जणू फाटक आहे, चोळल्याचा स्पर्श शिरला की दुखण्याची वाट अडते, असं मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली मांडलं. आपटलेला गुडघा चोळणाऱ्या माझ्या आईनं ते कधीच वाचलं नाही.

लहानपणी पंढरपूरहून परतलेल्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर खामगावहून शेगावला चालत गेले होते. डोळे मिटत होते, पाय चालत होते. सगळी महाराजांची कृपा समजले. थोडी तुझीही होती. मेंदूपासून तोडलेला मज्जारज्जूही पायांना चालीचा ठेका देतो, हे ग्रॅहम ब्राउन या संशोधकानं 1911 साली मांजरांत दाखवलं. माणसाला मेंदूचा होकार जास्त लागतो, तरी ठेका धरायला तू असतोस.

तू तुटलास तर हाडासारखा सांधत नाहीस. म्हणून माझा शब्द घे. यापुढे गाठोडं गुडघे वाकवून उचलीन. कुणी झाडावरून, गाडीवरून पडलं, तर हातपाय धरून झोळीसारखं नेऊ देणार नाही; मान न हलवता, सपाट फळीवर.

बदल्यात एवढंच कर. मेंदूनं बजावलं तर तू हात आवरतोस, हे चुलीवरचं भगोनं उतरवताना पाहिलंय. उद्या बोंड टोचलं तर हात खुशाल मागे घे, मुठीतला कापूस तेवढा सोडू नकोस. मजुरी किलोवर आहे.

तुझीच,
वेचणारी