यंदाचा गाडा

परवाच्या शनिवारी गावी जाऊन आलो. घरी सांगितलेलं कारण 'कांद्याची लावण बघून येतो' असं होतं. (बायको फक्त 'बरं' म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली की माणूस इतकंच म्हणतं.) खरं कारण वेगळं होतं. सोमवारी ऑफिसात स्टँडअप चालू असताना नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. "दोन बैल आलेत नवे. येऊन बघून जा. तुझं बी पैसं हायेत त्यात."

आता पैसे आहेत हे खरंच. बोनसमधले दीड लाख मी नानांना दिले होते आणि घरी मात्र ते विहिरीवरच्या पाइपलाइनला गेलेत असं अजूनही समजतात. बायको मी लिहिलेलं काही वाचत नाही, त्या भरवशावर हे कबूल करतोय. असो.

ज्यांनी बैलगाडा शर्यत फक्त रील्समध्ये पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिकडे सातारा-सांगलीकडे दोन बैल, वर हाकणारा आणि मोकळं मैदान असा प्रकार असतो. आमच्याकडे, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात, घाट असतो. घाट म्हणजे शर्यतीसाठी बांधलेली चढाची धावपट्टी. गाड्याला बैल चार. पुढची जोडी कांड्याला, मागची जुकाटाला. गाड्यावर माणूस बसत नाही. सगळ्यांच्या पुढे घोडी पळते, तिच्यावर घोडीस्वार. एका वेळी एकच गाडा सुटतो, म्हणजे सामना दुसऱ्या गाड्याशी नाही, घड्याळाशी. निशाण पडलं, गाडा सुटला, स्पीकरवरचा माणूस 'भिर्रर्र' म्हणेपर्यंत गाडा वर. चांगला गाडा बारा-तेरा सेकंदांत घाट चढतो. त्याला म्हणायचं बारी. ठरलेल्या सेकंदाच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यामागचे दुसऱ्या, असा हिशोब. त्या बारा सेकंदांसाठी आमच्या घरात वर्षभर काय काय चालतं ते मी एच.आर.ला सांगू शकत नाही.

तर यंदाची टीम.

गेल्या मोसमातल्या चार बैलांपैकी फक्त एक उरलाय, सोन्या. कांड्याचे दोन्ही बैल भागीदाराचे होते. आजकाल चारही बैल एकाच दावणीचे असलेले गाडे कमी. दोघा-तिघांनी मिळून गाडा जुळवायचा ही रीत झाली आहे. भागीदार दिवाळीनंतर दुसऱ्या गाड्याकडे गेला, त्याचे बैलही गेले. जुकाटातला उजवीकडचा मार्चमध्ये पायात अधू झाला. म्हणजे नावाला गाडा आमचा, बाकी सगळं नवं. माझा एक जुना सहकारी अमेरिकेत केंटकीत असतो. २०२४ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमचा कोच बदलला, आदल्या वर्षीचे सगळे मुख्य खेळाडू गेले आणि नव्या कोचने दुसऱ्या कॉलेजांतून पोरं गोळा करून टीम उभी केली. हा बाबा मला रात्री दीड वाजता मेसेज करून कोण कुठे फिट बसेल ते सांगायचा, आणि मी हसायचो. आता मी त्याच रांगेत.

गोठ्यासमोर संध्याकाळी सात-आठ जण जमले होते. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आहे, कारण बिबट्या. उसातून थेट अंगणात येतो. त्यामुळे अंधार पडला की गप्पा जाळीच्या आतच, बैलांच्या शेजारी बसून. वास, डास आणि बैलाच्या शेपटीचे फटकारे सहन होत असतील त्यानेच यावं.

पहिला नवा बैल सांगोल्याच्या बाजाराचा. खिलार, काजळी, चार दाती. अंग लांब, कातडी पातळ, पाय असे की नुसतं उभं राहिला तरी पळतोय असं वाटावं. त्याच्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं आणि म्हणूनच नानांना शंका. "सगळ्यान्ला आवडलेला बैल मी अजून पळताना पायला नाय," हे त्यांचं म्हणणं. दुसरा बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारातला, सहा दाती, दिसायला अगदीच साधा. मान जरा आखूड. पण शेजारच्या आण्णांनी त्याला एकदा दुसऱ्याच्या गाड्यात पळताना पाहिलं होतं आणि ते त्याच्यावर फिदा होते. "ह्यो वर चढताना मान खाली घालतो. बाकीचे निम्म्या घाटात मान वर करत्यात. तिथं सेकंद जातो." यावर पंधरा मिनिटं वाद. मान खाली घालणं हा गुण की मानेत जोर नसल्याचं लक्षण? दोन्ही बाजूंनी दाखले आले, त्यातला एक १९९६ सालचा. तो बैल तिथल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला नव्हता.

मी लॅपटॉप उघडला. (हसू नका.) गेल्या तीन मोसमांच्या आमच्या बाऱ्या मी एक्सेलमध्ये ठेवल्या आहेत. तारीख, घाट, सेकंद, कोण कांड्याला, कोण जुकाटाला, घोडी कोणती. हल्ली सेन्सरचं घड्याळ असतं, सेकंदाचे शंभरावे भाग मिळतात, मग माझ्यासारख्याला राहवत नाही. त्यातून मला एवढंच दिसत होतं की गेल्या मोसमाच्या शेवटी आमच्या बाऱ्या जवळपास पाऊण सेकंदाने मंदावल्या आणि त्या सगळ्यांत सोन्या होता. बाकीचे बदलत होते, तो कायम. सोन्याला नववं संपत आलंय. मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, नाना, तीन नवे घ्यायचे होते.

कोणी काही बोललं नाही. एका पोराने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मग आण्णांनी विचारलं, "त्यात खांदा लिवलाय का?"

खांदा म्हणजे बैल कोणत्या बाजूला जुंपायचा. बहुतेक बैल एकाच बाजूला सरावतात, डावीचा डावीलाच, उजवीचा उजवीलाच. सोन्या दोन्ही खांदी पळतो. माझ्या एक्सेलमध्ये तो कॉलम नव्हता. सांगोल्याचा डावीचा आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि बेल्ह्याचाही डावीचाच निघाला. म्हणजे सोन्या काढला तर आणखी दोन उजवीचे शोधायचे. भागीदारीतून येणारा चौथा कोणत्या बाजूचा ते अजून ठरायचंच आहे. मी गप्प बसलो. तरी पाऊण सेकंद हा पाऊण सेकंदच असतो, हे मला अजूनही वाटतं.

रात्री जेवताना मी नानांना परत विचारलं. ते म्हणाले, "सोडायचा म्हंजी कुठं सोडायचा?"

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. २०११ च्या जुलैमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनाला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आमच्या शर्यतीही बंद केल्या. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला. या दोन्ही गोष्टींवर माणसं आपापल्या परीने भांडतात, ते सोडा. पण गोठ्यात त्याचा अर्थ असा झाला की शर्यतीचा बैल पळवता येत नव्हता, नांगराला ट्रॅक्टर आलेला, आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. खुराक मात्र चालूच. पेंड, भरडा, उडीद, कणीक, दूध. दर जानेवारीत कोणीतरी म्हणायचं यंदा उठणार बंदी. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने परवानगी दिली, पाच दिवसांत कोर्टाने स्थगिती दिली. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, तोही हायकोर्टात अडकला.

आमचा तेव्हाचा बैल राजा. २०१६ च्या पावसाळ्याआधी नानांनी त्याला चाकणच्या शनिवारच्या बाजारात नेला. टेम्पोत मागे मी बसलो होतो, तेव्हा माझी पुण्यातली पहिली नोकरी होती. दोन तासांत व्यवहार झाला. घेणारा म्हणाला, शेतीला नेतोय. नानांनी गाव विचारलं, त्याने सांगितलं, नानांनी मान डोलावली. येताना मी म्हटलं, त्या गावाला एकदा जाऊन बघून येऊ. नाना म्हणाले, "नगं." का नको ते मला तेव्हाच कळलं होतं आणि आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. परवानगी आली तेव्हा आमच्या भागात बैलांची एक अख्खी पिढी मधून गेलेली होती. २०२२ मध्ये घाटात जे उतरले ते सगळे नवखे, बैलही आणि जुंपणारी पोरंही. सोन्या त्या पहिल्या मोसमातला.

आणि एक गोष्ट सांगतोच, कारण ती न सांगता हे सगळं लिहिणं बरोबर नाही. बंदी काही आभाळातून पडली नव्हती. मी आठवी-नववीत असताना घाटाच्या तळाशी जुंपायला मदत करायचो. निशाण पडायच्या क्षणाला बैलाची शेपटी पिरगाळायची हे माझं काम होतं. मला ते चांगलं जमायचं, म्हणून मला बोलवायचे. काही जण दाताने चावायचे, काहींच्या काठीला खिळा असायचा. बैल ओरडायचा, आणि पुढच्या क्षणी गाडा निम्म्या घाटात असायचा, त्यामुळे ते ओरडणं कानात राहायचंच नाही. पुढे कोर्टाच्या निकालात शेपटी पिरगाळण्याचे उल्लेख वाचले तेव्हा मी ऑफिसच्या कॅफेटेरियात होतो. मित्रांबरोबर 'आमच्या परंपरेवर घाला' वगैरे चाललं होतं माझं. ते वाचून बोलणं बंद केलं, पण कारण कोणाला सांगितलं नाही.

आता नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, डॉक्टरची तपासणी, काठी-चाबूक नाही, सगळ्याचं चित्रीकरण. सगळीकडे पाळतात का? मी सगळीकडे नसतो. आमच्या दावणीला नाना काठी येऊ देत नाहीत एवढं मी पाहतो.

रविवारी पहाटे माळावरच्या चढाला सराव होता. थंडी चांगलीच. भागीदाराचा चौथा बैल आला नव्हता, म्हणून कांड्याला आण्णांची दोन खोंडं, आणि जुकाटाला डावीकडे सांगोल्याचा, उजवीकडे सोन्या. बेल्ह्याचा बाजूला उभा. पहिल्या फेरीला सांगोल्याचा सुटला तो तिरकाच. गाडा डावीकडे ओढला गेला, वरची पोरं पांगली, सोन्याने एकट्याने तो ओढून सरळ केला. मला तेवढ्यात मोबाइलवरचं घड्याळ बंद करायचं भानच राहिलं नाही. दुसऱ्या फेरीला जोडी बदलली, बेल्ह्याचा डावीला. सरळ गेले. मान खाली, आण्णा म्हणाले होते तशी. पण वर पोचल्यावर सोन्याच्या तोंडाला फेस आणि बरगड्यांचा भाता असा चाललेला की नानांनी तिसरी फेरी रद्द केली. बराच वेळ ते त्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते. सांगोल्याचा तेव्हा निवांत कडबा शोधत होता.

परतताना गाडीमागून चालत सगळ्यांचा निकाल चालू होता. आण्णांच्या मते पहिला नंबर पक्का. मोबाइलवाल्या पोराच्या मते सांगोल्याला कांड्याला घातला तर तो घोडीच्या मागे सरळ पळेल, आणि मला विचाराल तर त्या पोराचं बरोबर असावं. एकाने सांगितलं की हा गाडा मोसमाच्या मध्यापर्यंत टिकत नाही. त्याला कोणी चहा विचारला नाही.

निघताना मी नानांना म्हटलं, सोन्याच्या खुराकाचे दर महिन्याला मी पाठवतो, पण त्याला आता जुंपू नका. नाना गाडीच्या खिडकीशी वाकले. "थापलिंगला पौष पौर्णिमेला नवसाची बारी हाये. तेवढी त्याची. मंग नाय जुंपत."

"नक्की?"

"तू ये की बघायला. डाक्टरला पन घिऊन ये वाटलं तर."

थापलिंगचा खंडोबा, नागापूरचा डोंगर. त्या तारखेला आमचं रिलीज आहे. मॅनेजरला अजून काही बोललो नाहीये. एक्सेलमध्ये मात्र खांद्याचा कॉलम घातला, आणि सोन्याच्या ओळीपुढे दोन्ही लिहिलं.