हार्त्सच्या रानवाटा

उंचीच्या हिशेबाने पाहिले तर हार्त्सला पर्वत म्हणणे जरा धाडसाचेच आहे. उत्तर जर्मनीच्या सपाट मैदानातून एकाएकी वर उठलेला हा सुमारे शंभर किलोमीटर लांबीचा डोंगरपट्टा. त्यातले सर्वांत उंच शिखर ब्रोकन, ते ११४१ मीटरचे. आपल्यापैकी ज्यांनी पचमढीचा धूपगड पाहिला आहे, त्यांना ते त्याहून ठेंगणेच वाटेल. जर्मन लोकही हार्त्सला आल्प्सच्या पंक्तीला बसवीत नाहीत. अशा डोंगरांना त्यांच्या भाषेत ‘मधले डोंगर’ असेच नाव आहे. तथापि या ठेंगण्या डोंगराचा दरारा मोठा. ब्रोकनच्या माथ्यावर झाड टिकत नाही, आणि वर्षाचे सुमारे तीनशे दिवस तो धुक्यात बुडालेला असतो. महाकवी गटे १७७७ च्या डिसेंबरात हा माथा चढून गेला. हाइनेने १८२४ साली पायी केलेल्या प्रवासावर पुस्तक लिहून या रानाला साहित्यात कायमचे स्थान दिले. या थोरांच्या मागून आम्ही तिघे गेलो ते सायकलींवर, आणि तेही भाड्याच्या.

ही सायकल म्हणजे आपल्याकडची दूधवाल्याची काळी सायकल नव्हे. टायर मनगटाएवढे जाड आणि खडबडीत, पुढच्या चिमट्यात धक्के गिळणारी योजना, पायडलपाशी एकच दातेरी चक्र आणि मागे बारा. उभी चढण लागली की मागचे मोठे चक्र घ्यायचे आणि गोगलगाईच्या गतीने, पण न उतरता, वर जायचे. हिचा जन्म कॅलिफोर्नियातला. १९७६ च्या सुमारास तिथल्या काही तरुणांनी जुन्या जाड टायरांच्या सायकली टॅमलपाइस डोंगराच्या परिसरातील उतारांवरून शर्यतीने खाली सोडल्या. मागचा ब्रेक इतका तापे की चाकातले ग्रीस जळून धूर होई आणि प्रत्येक उतारानंतर ते नव्याने भरावे लागे. त्या शर्यतीचे ‘रिपॅक’ हे नाव त्यावरूनच पडले. वीस वर्षांनी, १९९६ साली, हाच पोरखेळ ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला.

गोस्लारहून चढ चढून आम्ही क्लाउस्थालला पोहोचलो. हा सगळा खाणींचा मुलूख. गोस्लारजवळची रामेल्सबेर्गची खाण हजार वर्षांहून अधिक काळ चालली आणि १९८८ साली बंद झाली. क्लाउस्थालच्या परिसरात चांदी आणि शिसे निघे. खाण खोल गेली की तिच्यात पाणी साचते, आणि ते उपसायला बळ लागते. हे बळ इथल्या लोकांनी पाण्याकडूनच घेतले. डोंगरातले पाणी तळ्यांत साठवायचे, पाटांनी वळवून आणायचे, त्यावर प्रचंड लाकडी चक्रे फिरवायची आणि त्या चक्रांनी खाणीतले पाणी उपसायचे! सोळाव्या शतकापासून पुढची तीनशे वर्षे शेकडो किलोमीटर पाट याच कामासाठी खणले गेले. २०१० साली या जलव्यवस्थेला जागतिक वारशाचा मान मिळाला.

सायकलस्वाराच्या दृष्टीने यातली मौज अशी की पाट डोंगराच्या कडेकडेने, जवळजवळ सपाट जातो, आणि त्याच्या शेजारून त्याची राखण करणाऱ्यांची पायवाट जाते. एका बाजूला संथ, तांबूस पाणी, दुसऱ्या बाजूला दरी, आणि खाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर. चाकाचा आवाजसुद्धा होत नाही. ब्राउनलागेला डोंगरावर पाळण्यातून सायकलीसकट वर जाऊन खास बांधलेल्या उतारांवरून उड्या मारीत खाली येण्याची सोय आहे, आणि तरुण मंडळी चिलखत घालून ते करतात. आम्हांला विचाराल तर त्या सर्वांहून पाटाकाठची ही एक वाट सरस आहे.

खाणीत वापरायचा तारेचा दोर १८३४ साली याच क्लाउस्थालमध्ये विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने सिद्ध केला. तोवर तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या तुटून अपघात होत. आमच्या सायकलींचे गिअर बदलणारी बारीक तार ही त्या दोराचीच पणती म्हणायची. आणखी एक नाते सांगायला हवे. क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख हे याच गावी १८४३ साली जन्मले, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये ते मुंबईस येऊन गेले होते.

क्लाउस्थाल सोडून उंचावर गेलो आणि रान बदलले. बदलले म्हणजे मेलेले दिसले. टेकडीमागून टेकडी राखाडी खांबांची. साल गळलेली, फांद्या वठलेल्या, हजारो उभी प्रेते. ही स्प्रूसची झाडे, देवदाराच्या दूरच्या कुळातली. उंच माथ्यांवर ती मूळचीच होती. पण खालच्या उतारांवरची मूळ बीचची राने खाणींच्या आधारासाठी आणि कोळशासाठी तुटली, तेव्हा भराभर वाढणारा म्हणून सगळीकडे स्प्रूसच लावला गेला. एकाच जातीची, एकाच वयाची, दाटीने उभी अशी ही लागवड. सालीखाली राहणारा एक चिमुकला भुंगेरा तिचा वैरी. निरोगी झाड राळेत बुडवून त्याला मारते. २०१८ पासून लागोपाठ आलेल्या अवर्षणांत झाडांपाशी तेवढी राळच उरली नाही. या किड्याचे जर्मन नाव ‘ग्रंथमुद्रक’ असे आहे, कारण सालीच्या आतून तो ओळींमागून ओळी कोरीत जातो. गळून पडलेला एक तुकडा आम्ही उचलून पाहिला. अक्षरे सुबक होती.

राष्ट्रीय उद्यानातील बऱ्याच भागात ही मेलेली झाडे हलवीत नाहीत. निसर्गाचे काम निसर्गाने करावे, हे तिथले धोरण. गावकऱ्यांत यावरून दोन तट आहेत. पाहुणे हे स्मशान पाहायला कशाला येतील, असे काही म्हणतात. २०२२ च्या सप्टेंबरात ब्रोकनच्या परिसरात वणवा लागल्यावर हा सूर अधिकच चढला. आम्ही परके, न्यायनिवाडा करणारे कोण? तरीपण पडलेल्या खोडांच्या मधून रोवन आणि भूर्ज यांची कमरेइतकी रोपे जागोजाग उठलेली आम्ही पाहिली. वाऱ्याच्या दिवशी मात्र या रानात जाऊ नये. वठलेले खोड पडताना कुरकुरसुद्धा करीत नाही, असे आम्हांला बजावण्यात आले.

ब्राउनलागेपुढे एक ओढा ओलांडला की एल्येंड. पूर्वी या ओढ्यापाशी एक जर्मनी संपे आणि दुसरी सुरू होई. १९५२ पासून पूर्वेकडच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात परवान्यावाचून पाऊल टाकता येत नसे. कुंपण गेले, पण गस्तीच्या गाड्यांसाठी टाकलेल्या भोकाभोकांच्या काँक्रीट लाद्यांची दुहेरी वाट अनेक ठिकाणी अजून शाबूत आहे. तिच्यावरून सायकल चालविणे म्हणजे दातांची परीक्षा. भोकांतून गवत आले आहे आणि मधल्या पट्टीत हेदरची जांभळी फुले फुलली आहेत. जवळच्या झोर्गे गावात कुंपणाचा एक तुकडा मुद्दाम जपला आहे. तिथल्या खाणावळीच्या आजीबाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितले की त्यांच्या लग्नाला त्यांची सख्खी मावशी येऊ शकली नाही. परवाना वेळेवर आला नाही. एवढे सांगून त्या सूप आणायला आत गेल्या.

झोर्गे म्हणजे चिंता, एल्येंड म्हणजे दैन्य. अशी या दोन शेजारी गावांची नावे! यांतल्या दुसऱ्या शब्दाचा जुना अर्थ मात्र परमुलूख असा होता. पिढ्यानपिढ्या परमुलखात संसार थाटून सुखाने राहिलेल्या आम्हां मंडळींना ही व्युत्पत्ती ऐकून हसू आले.

शीर्केहून ब्रोकनचा रस्ता डांबरी आहे आणि खासगी मोटारींना बंद आहे. पाचशे मीटरची चढण आम्ही अर्धी बसून, अर्धी ढकलून पार केली. विजेच्या सायकलींवरून सत्तरीतले एक जोडपे हात हालवीत पुढे निघून गेले. १९६१ ते १९८९ हा माथा लष्करी बंदीत होता. ३ डिसेंबर १९८९ रोजी पायी चालत आलेल्या लोकांच्या रेट्यापुढे भिंतीचे दार उघडावे लागले. आम्ही पोहोचलो तेव्हा धुक्यात स्वतःचे पुढचे चाक तेवढे दिसत होते. कुठेतरी वाफेच्या इंजिनाने शिट्टी घातली. गाडी दिसली नाही.

जर्मनीत रान खासगी मालकीचे असले तरी फिरायला सर्वांना मोकळे असते. सायकलीने मात्र वाट सोडायची नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात तर दोन मीटरहून अरुंद रानवाटेवर सायकलीला सर्वसाधारणपणे बंदीच आहे. हार्त्समध्ये तो नियम नाही, पण काही वाटांवर मनाई असते; पाटी पाहूनच चाक घालावे. पायी चालणाऱ्यांची तक्रार चाकाबद्दल नसून वेगाबद्दल असते, असे आमचे मत झाले. घंटा लांबूनच वाजवावी, वळणावर उतरावे आणि ‘गुटेन टाग’ म्हणावे. मे ते ऑक्टोबर हे महिने चांगले. पावसाळी अंगरखा उन्हाळ्यातही बरोबर ठेवावा.