आठ मिनिटं

परवा मोबाइलमधले जुने मेसेज साफ करत बसलो होतो. बँकेचे ओटीपी, डिलिव्हरीवाल्यांचे 'सर गेटवर आलोय', सगळं उडवत उडवत डिसेंबर २०२४ पर्यंत पोचलो आणि एका मेसेजवर बोट थांबलं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, वेगमर्यादा १००, गाडीचा वेग ११८, दंड रुपये २०००. दंड कधीच भरून टाकलाय, काळजी नसावी. पण मेसेज काही डिलीट करवला नाही. त्याची गोष्ट सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं लग्न जानेवारी २०२० मधलं. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि दोन वर्षं आम्ही कोथरूडच्या वन बीएचकेत एकाच डायनिंग टेबलवर समोरासमोर बसून ऑफिस केलं. ती म्यूटवर असताना मी कुकर लावायचा, मी म्यूटवर असताना तिने बंद करायचा. मग २०२२ मध्ये कंपन्यांना अचानक आपल्या बिल्डिंगची आठवण आली. माझं ऑफिस हिंजवडीत, तिचं ऐरोलीत. ती ठाण्याला आईकडे राहायला लागली आणि आम्ही 'वीकेंड नवरा-बायको' झालो. आयटीत याचं कुणाला काही विशेष वाटत नाही. एका शुक्रवारी मी तिकडे, पुढच्या शुक्रवारी ती इकडे. तिची डेक्कन क्वीन चुकली की मी गाडी घेऊन आणायला जायचो.

त्यामुळे एक्सप्रेसवे मला पाठ आहे. कळंबोली ते किवळे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. खालापूरचा टोल, तिथला फूड मॉल (वडा बरा, चहा फक्त गरम), मग घाट, लोणावळा, उर्से टोल, किवळे. सपाटीला मर्यादा १००, घाटात ६०.

या १०० वर आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दर सोमवारी परिसंवाद भरतो. समृद्धीवर १२० चालतं मग इथे का नाही? केंद्र सरकारने २०१८ मध्येच एक्सप्रेसवेला १२० ची मुभा दिली होती ना? दिली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. पण कँटीनमध्ये इतका तपशील कुणाला नको असतो. मला मात्र मागे एकदा हिशोब करायची लहर आली. घाट वगळून ऐंशी किलोमीटर सपाट रस्ता धरा. १०० ने गेलात तर ४८ मिनिटं, १२० ने गेलात तर ४० मिनिटं. म्हणजे वाचली आठ मिनिटं. तीसुद्धा एकही ट्रक उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसला नाही तर, म्हणजे स्वप्नातच! आणि बदल्यात काय दिलं? ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १.२ चा वर्ग १.४४. म्हणजे वेग वीस टक्के वाढवला की थांबायला चव्वेचाळीस टक्के जास्त रस्ता लागतो. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात १०० च्या वेगाने गाडी चाळीसेक मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तरी ११८.

तर तो शुक्रवार. तिला ठाण्याहून घेतलं. कळंबोली मागे टाकली, रस्ता मोकळा झाला आणि मी सीटमध्ये जरा ऐसपैस बसलो. तेव्हा ती म्हणाली, "अरे, एक विचारायचंय. कंपनी मला गुरुग्रामला पाठवायचं म्हणतेय. दोन वर्षं. टीम लीड करायचीय, नवीन क्लायंट आहे. सोमवारी हो-नाही सांगायचंय. काय करू?"

माझ्या पोटात खड्डा पडला. शनिवार-रविवार पण जाणार, हे पहिलं मनात आलं. दुसरं आलं, अजून दोन वर्षं म्हणजे आमचं बाकीचं सगळं (आमच्या दोघांच्या आया ज्याला 'पुढचा विचार' म्हणतात ते) दोन वर्षं पुढे. आणि तोंडातून काय निघालं?

"तुला जे योग्य वाटेल ते कर. मी तुझ्या पाठीशी आहे."

ती दोन सेकंद गप्प. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हा उजवीकडचा वरचा पर्याय आहे ना रे?"

आता हे कळायला तुम्हाला मास इफेक्ट माहीत हवा. २००७ चा गेम. अवकाशयान, परग्रहवासी, विश्वाचा विनाश वगैरे सगळं आहे, पण लोक तो लक्षात ठेवतात त्यातल्या माणसांमुळे. गेममध्ये कुणी तुमच्याशी बोलायला लागलं की खाली एक चक्र येतं आणि त्यावर उत्तरं मांडलेली असतात. उजवीकडे वर समजूतदार उत्तर, उजवीकडे खाली उद्धट, मध्ये तटस्थ, डावीकडे जास्तीचे प्रश्न. दोन तासांत तुमच्या लक्षात येतं की वाचायची गरजच नाही. वरचं दाबत जायचं. माणसं खूश, जग वाचतं, आणि आवडत्या पात्राशी सूतही जुळतं. २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा लॉकडाऊनच होता. मी रोज रात्री खेळायचो आणि ही शेजारी बसून मटार सोलत बघायची. "तू वाचतोस तरी का ती काय म्हणतेय ते?" असं तिने तेव्हाही विचारलं होतं. मी म्हटलं होतं, वाचायला कशाला पाहिजे, वरचं बरोबरच असतं.

गेममधल्या प्रेमाचा हा फार जुना आजार आहे. हॉस्टेलवर आम्ही सगळे सॅन अँड्रियास (२००४) खेळायचो, त्यात तर प्रत्येक मैत्रिणीची टक्केवारीच असते. मिशेल नावाची एक आहे, तिला फिरायला नेऊन गाडी सुसाट पळवली की बाई खूश. झालं, एवढंच प्रेम! ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९) प्रत्येक सोबत्याच्या मनातली तुमची किंमत उणे शंभर ते अधिक शंभर अशी चक्क आकड्यात दिसते, आणि ती घसरली तर भेटवस्तू द्यायच्या. स्टारड्यू व्हॅली (२०१६), जो आमच्या घरात ही खेळते, त्यात आठवड्याला दोन भेटी, आठ हृदयं भरली की पुष्पगुच्छ, दहा भरली की लग्नाची मागणी. ती तिकडे सबॅस्टियन नावाच्या मोटरसायकलवाल्या पोराशी लग्न करून मोकळी झालीये. तो पण प्रोग्रामर आहे. मी वाईट वाटून घेत नाही. :)

पण म्हणजे बघा, या सगळ्यात समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं आणि तेच द्यायचं. तुम्हाला काय हवंय हा प्रश्न कुणी विचारतच नाही. पंधरा-वीस वर्षं हे खेळून खेळून माझा अंगठा तयार झालाय. बायकोने कठीण प्रश्न विचारला की तो आपोआप वरच्या उत्तराकडे जातो.

हे शहाणपण आत्ताचं. त्या रात्री मी फक्त दुखावलो. एवढं चांगलं उत्तर दिलं आणि वर टोमणा? काही बोललो नाही. पायाने बोललो. गाडी १००, ११०.. मिशेल असती तर टक्के वाढले असते. ही शेजारी बसून डॅशबोर्डला हात लावून गप्प होती. जुलै २०२४ पासून या रस्त्यावर कमानींवर कॅमेरे बसलेत. लोक कमान आली की ब्रेक दाबतात आणि पुढे गेले की परत सुटतात, म्हणून काही ठिकाणी दोन कमानींमधला सरासरी वेगही काढतात. मला यातलं काही सुचलं नाही. ११८ ला फोटो निघाला. त्यात दोघांचे चेहरे दिसत नाहीत हे बरंय.

मग अर्थातच घाट. शुक्रवारची रात्र, अख्खी मुंबई लोणावळ्याला निघालेली. लाल दिव्यांची रांग वर डोंगरापर्यंत. वाचवलेली मिनिटं पहिल्या वळणावर संपली. पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलो आणि वर पोचल्यावर पाहतो तर काहीच नाही! अपघात नाही, बंद पडलेला कंटेनर नाही. याचा एक प्रसिद्ध जपानी प्रयोग आहे, २००८ साली छापून आलेला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. थोड्या वेळाने आपोआप कोंडी तयार झाली. कुणीतरी जरासा ब्रेक दाबतो, मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा अजून जास्त, आणि ती लाट उलट्या दिशेने मागे मागे सरकत राहते. चूक कुणाचीच नाही, उभे सगळेच. एरवी हे मी हिला उत्साहाने सांगितलं असतं. त्या रात्री रेडिओ पण लावला नाही.

उर्से टोल, किवळे. एक्सप्रेसवे संपला आणि आमचं पुणं सुरू झालं. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या यादीत पुणं जगातल्या सगळ्यात संथ शहरांत चौथं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी अठरा. इथे वेगमर्यादेची पाटी कशाला लावतात कोण जाणे, कोथरूडचे आजोबा सायकलवर तेवढ्याने जातात. पुनावळे, भूमकर चौक, वाकड, एकेक करत सरकत होतो. डावीकडून रिक्षा, उजवीकडून बाइक, पुढे एक टेम्पो ज्याच्या मागे लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज' मी शंभर वेळा वाचलं. गाडी जागची हलेना. पळायला जागाच नव्हती. पाय काही बोलू शकत नव्हता.

बालेवाडीच्या अलीकडे मी म्हणालो, "मला नको आहे तू गेलेली."

ती वळली. "काय?"

"मला नाही आवडणार. अजिबात नाही. मला आत्ताचंच झेपत नाही. रविवारी रात्री घरात शिरलो की फ्रिजचा आवाज ऐकू येतो नुसता. आणि दोन वर्षं म्हणजे आपण चौतीस-पस्तीसचे होणार. मी पाठीशी वगैरे काही नाहीये."

मला वाटलं आता संपलंच. तर ती रडायला लागली आणि रडता रडता चिडली. "हे कळंबोलीला का नाही बोललास? मी तीन दिवस झोपले नाहीये. मला वाटलं तुला काही फरकच पडत नाही. 'तुला योग्य वाटेल ते' हे आमचा मॅनेजर पण म्हणतो!"

मागून हॉर्न. टेम्पो दहा फूट पुढे गेला होता. मीही गेलो दहा फूट.

मग बाणेर, पाषाण, चांदणी चौक, मनसोक्त भांडलो. ऐरोली सोडून ती पुण्यात नोकरी का शोधत नाही इथपासून मी ठाण्यात का शोधत नाही इथपर्यंत. (दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही फारसं नाही.) किवळे ते घर, सव्वा तास लागला. घरी पोचलो तेव्हा दोघांचे घसे बसले होते. पिठलं-भात केला आणि खाल्ला.

नंतर विचार करताना मला ड्रॅगन एजचा दुसरा भाग आठवला, २०११ चा. लोकांनी त्याला खूप शिव्या घातल्या, त्यातल्या बऱ्याचशा रास्त होत्या. एकाच गुहेत किती वेळा पाठवाल? प्रेमाच्या उत्तरावर तर बदामाचं चित्रच काढून ठेवलंय, चुकायला नको. पण त्याने एक गोष्ट भलतीच खरी केली होती. सोबत्यांच्या मनाची पट्टी नावड ते आवड अशी नव्हती. एका टोकाला मैत्री, दुसऱ्या टोकाला विरोध, आणि प्रेम दोन्ही टोकांना जमायचं. म्हणजे तुम्ही तिच्याशी प्रत्येक गोष्टीत भांडलात, पण खरंखुरं भांडलात, तरी चालतं. चालत नाही ते मधोमध राहिलेलं. इझाबेला नावाची चाची बाई ऐन संकटात पळून जाते. ती परत यायला ज्या अटी आहेत त्यातली एक अशी, की मैत्री किंवा विरोध, काहीतरी एक अर्ध्याच्या वर गेलेलं पाहिजे. सगळ्यांना गोड बोलून अधूनमधून राहिलात तर ती येतच नाही. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा ती आली नव्हती. मला वाटलं होतं गेममध्ये बग आहे.

ही गेली. सोमवारी तिने हो सांगितलं आणि फेब्रुवारीत मी तिला विमानतळावर सोडलं. ती म्हणाली, तू नको म्हणालास म्हणून मला नीट ठरवता आलं. नाही तर काय सोडून चाललेय तेच कळलं नसतं. मला हे तेव्हा पटलं नाही. सगळं अजूनही पटलेलं नाही.

आता एक्सप्रेसवेवर माझं जाणं कमी झालंय. आमचं बोलणं मुख्यतः संध्याकाळी, ती ऑफिसच्या कॅबमध्ये आणि मी भूमकर चौकात. तिकडचं ट्रॅफिक इकडच्यापेक्षा वाईट आहे असा तिचा दावा आहे. यावर आमचं रोज भांडण होतं. काल मी म्हटलं, रस्ता आज जरा मोकळा दिसतोय, पोचतो लवकर, मग निवांत फोन करतो.

"कशाला घाई?" ती म्हणाली. "माझी अजून वीस मिनिटं आहेत. बोल ना."

मी डावीकडच्या लेनमध्ये आलो.